गर्भपाताच्या गोळ्या: मेडिकलवाल्याने मिस्टरांना का विचारावं?

मीठभाकर:
परवा मावसबहिणीला घेऊन तीन मेडिकल फिरले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, तरी पहिला म्हणे ठेवत नाही, दुसरा म्हणे मिस्टर कुठायत, तिसऱ्याने चिठ्ठी वाचून घडी करून परत दिली, एक शब्द नाही. सहावा आठवडा, धाकटं अजून अंगावर पितंय. १९७१ पासून कायदा आहे, सज्ञान बाईची एकटीची सही पुरते. मग हे कोण टिकोजीराव?

कृष्णाकाठ:
ताई राग कळतो, पण मी सांगलीकडचा. २०१७ ला म्हैसाळला मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपातात एक विवाहिता गेली आणि मग ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण निघाले. ते बघितलं की वाटतं कडक आहे तेच बरं.

मीठभाकर:
अहो पण गोळ्या चालतात ९ आठवड्यांपर्यंत! सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळायला त्याहून बरेच दिवस जावे लागतात. म्हैसाळला झालं ते डॉक्टरच्या टेबलावर, त्याची शिक्षा माझ्या बहिणीला का?

लेबररूम:
नर्स आहे म्हणून बोलते. गोळी वाईट नाही, न तपासता घेणं वाईट. आमच्याकडे एक जण आली, कुणीतरी गुपचूप आणून दिलेल्या गोळ्या खाल्लेली, गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता, ती नळी फुटली. बाहेर थोडंच जात होतं म्हणून घरचे म्हणत होते औषध लागू पडतंय, आणि आत पोट रक्ताने भरलेलं. वाचली कशीबशी. तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय तर घरी बसू नका बायांनो. आणि मेडिकलवाले चिठ्ठी असून नाही म्हणतात ना, म्हणूनच हे गुपचूप आणणं चालतं.

सरळमार्गी:
शरीराचं झालं, मनाचं काय? बायका जन्मभर कुढतात. कॅन्सर पण होतो म्हणे.

मीठभाकर:
स्तनाचा कॅन्सर होत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय. आणि मनाचं म्हणाल तर अमेरिकेत हजारेक बायकांना पाच वर्षं विचारत राहिले, गर्भपात मिळालेल्या आणि नाकारलेल्या दोन्ही. ज्यांना नाकारला त्याच सुरुवातीला जास्त घाबऱ्याघुबऱ्या होत्या, आणि ज्यांनी केला त्यातल्या बहुतेकींना निर्णय बरोबरच वाटत होता.

सरळमार्गी:
अमेरिकेत सासू नसते. माझी काकू दरवर्षी त्या तारखेला जेवत नाही, तिला विचारायला कोण आलं होतं पाच वर्षं?

लेबररूम:
काकूंनी स्वतःहून केला होता का?

सरळमार्गी:
नाही. दोन मुली होत्या. १९८६ ची गोष्ट, तेव्हा पोटातलं पाणी काढून तपासायचे. आजीने ठरवलं.

मीठभाकर:
मग काकू कशाला कुढतेय, गर्भपाताला की न विचारल्याला?

सरळमार्गी:
ते तिलाच माहीत. माझं मत तेच आहे.

कृष्णाकाठ:
बहिणीला मिळाल्या का शेवटी?

मीठभाकर:
हो, चौथ्या दुकानात. बाई होती काउंटरवर, चिठ्ठी बघितली, बिल केलं, पाणी भरपूर प्या म्हणाली.