मदत हवी आहे: भजनाच्या स्पीकरमध्ये मधेच टिर्र-टिर्र आवाज येतो, एकादशी परवावर आलीय

ऐरोलीचा_मुलगा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. आईचं भजनी मंडळ आहे, दर एकादशीला आमच्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये बसतं. गेल्या दोन्ही वेळा स्पीकरमधून मधेच टक-टक-टिर्रर्र-टिर्रर्र असा आवाज आला. दहा-पंधरा सेकंद येतो, जातो, परत येतो. मागच्या एकादशीला आईने अभंग अर्ध्यावर सोडला. तिला असं थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याच्या दुकानात तासभर वाजवूनही आवाज आला नाही, तरी तो म्हणतो आयसी गेलाय, अडीच हजार होतील. सगळ्यांचे मोबाइल सायलेंट करून झाले. फरक शून्य. काय करू?

नौपाडा_नाका
कुठला स्पीकर? ब्लूटूथवाला की वायरचा? ॲम्प वेगळा आहे का? माइक किती? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार कसं?

आप्पा_कळवेकर
अर्थिंग. दुसरं काही नाही. आमच्या चाळीच्या गणपतीत हाच त्रास होता, नवीन अर्थिंगचा खड्डा केला, मीठ-कोळसा घातला, आवाज गायब. सोसायटीच्या कमिटीला आजच अर्ज द्या.

खाडीकिनारी
मोबाइलच आहे हो. जुन्या डबा टीव्हीसमोर फोन ठेवला की रिंग वाजायच्या आधी चित्र थरथरायचं, आठवतंय का कुणाला? काही लोक फोनच्या ॲन्टेनाला लुकलुकणारी छोटी लाइट लावायचे, ती पण रिंगच्या आधी पेटायची. आमच्या घरी कॉम्प्युटरचे स्पीकर टिरटिरले की आई म्हणायची, उचल, तुझा फोन येतोय.

ऐरोलीचा_मुलगा
@आप्पा, परवा एकादशी आहे, कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात. खड्डा कधी खणू?
@नौपाडा_नाका, साधा ॲम्प आहे, साठ वॅटचा, दोन बॉक्स, दोन माइक. माइकच्या वायरी लांब आहेत. आणि मोबाइल सायलेंट केले होते असं वर लिहिलंय.

सोल्डरचा_धूर
सायलेंटने फक्त घंटी बंद होते, रेडिओ चालूच राहतो. फोन टॉवरशी बोलतच असतो: मेसेज आला की, कॉल यायच्या क्षणी, आणि काही नसलं तरी ठराविक वेळाने 'मी इथे आहे' हे सांगायला. आधी आयसी बदलू नका.

थोडं सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो. टूजी पद्धतीत एकाच फ्रिक्वेन्सीवर आठ फोनांना आळीपाळीने वेळ वाटून दिलेली असते. आपल्या फोनची पाळी दर ४.६१५ मिलिसेकंदांनी येते. त्या पाळीत तो अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ जोरात पाठवतो आणि गप्प बसतो. म्हणजे सेकंदाला साधारण २१७ वेळा चालू-बंद. ९०० मेगाहर्ट्झची लहर आपल्याला ऐकू येणार नाही, पण ती माइकच्या वायरीतून ॲम्पच्या पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचली की तिथे तिच्या चालू-बंदचा ठसा तेवढा उरतो. २१७ हर्ट्झ कानाला स्वच्छ ऐकू येतात आणि पुढचा ॲम्प तेच मोठं करून बॉक्सला देतो. वायर लांबच हवी असंही नाही. या लहरीची पाव लांबी आठेक सेंटिमीटर भरते, तेवढी उघडी वायर ॲन्टेना व्हायला पुरते.

खारघरहून_शैला
म्हणजे आमच्या गच्चीवरच्या टॉवरमुळे पण होत असेल ना? आमच्याकडे तीन वर्षं भांडण चाललंय. डोकं दुखतं माझं.

सोल्डरचा_धूर
ताई, स्पीकरचा हा आवाज टॉवरचा नाही, जवळच्या फोनचा आहे. टॉवर लांब असतो, फोन वायरीपासून वीतभर. टॉवरच्या किरणोत्सर्गाचं विचाराल तर भारताने २०१२ च्या सप्टेंबरपासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथे. इथे परवाची एकादशी आहे.

ऐरोलीचा_मुलगा
आत्ताच हॉलमध्ये जाऊन आलो. माझा फोन ॲम्पच्या डोक्यावर ठेवला, बायकोने वरून कॉल केला, पाच मिनिटं बोललो. काही नाही! आवाज अजिबात नाही. म्हणजे मोबाइल नाहीच. आता प्लीज दुसरं काहीतरी सांगा.

आप्पा_कळवेकर
मी पहिल्यापासून सांगतोय. अर्थिंग.

सोल्डरचा_धूर
तुमचा फोन कुठला? कॉल फोरजीवरून झाला असेल तर आवाज येणारच नाही. फोरजीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास पाठवतो आणि असा ठरलेला ठोका धरत नाही. टूजीचा फोन ९०० च्या पट्ट्यात त्या अर्ध्या मिलिसेकंदात २ वॅटपर्यंत जातो. दहापट. जिओवर तर टूजी नाहीच, त्यामुळे तिथे हे होणार नाही. त्या दिवशी हॉलमध्ये बटणांचा साधा फोन कुणाकडे होता? आणि तो नेमका कुठे ठेवला होता?

नौपाडा_नाका
हा प्रश्न मी विचारणारच होतो. हॉल तळमजल्यावर आहे की पार्किंगच्या खाली? तिथे रेंज किती येते?

ऐरोलीचा_मुलगा
हॉल पोडियमच्या खाली आहे, रेंज एक काडी, कधी तीही नाही. साधा फोन… हो. तात्यांचा. तात्या पखवाज वाजवतात. अरे, आता आठवलं! डाव्या पुडीला कणीक लावताना त्यांचे हात भरतात, म्हणून बसायच्या आधी ते फोन खिशातून काढून ॲम्पवर ठेवतात. माइकच्या पिना जिथे खुपसतो त्याच्या अगदी शेजारी. हे मी लिहिलंच नाही, कारण तात्या दहा वर्षं असंच करतात.

पण दहा वर्षांत आवाज आला नाही, आताच का?

सोल्डरचा_धूर
आधी भजन याच हॉलमध्ये व्हायचं?

ऐरोलीचा_मुलगा
नाही. आधी देवळाच्या ओसरीवर. या हॉलमध्ये दोनच वेळा झालंय.

सोल्डरचा_धूर
मग जमलं सगळं. ओसरीवर उघड्यावर रेंज चांगली, टॉवर फोनला सांगतो हळू बोल. काँक्रीटच्या खाली एक काडी, तिथे फोनला पूर्ण जोर लावावा लागतो. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात ना तात्यांचा फोन होता ना तो हॉल, म्हणून आवाज आला नाही.

मुलुंड_चेकनाका
सगळ्यांना सांगा फोन बाहेर ठेवायला. भजनाला फोन लागतो कशाला? आमच्या गुरुजींकडे चपलांबरोबर फोन बाहेर.

ऐरोलीचा_मुलगा
तात्यांना फोन बंद करायला सांगू शकत नाही. त्यांची मुलगी नाशिकला आहे, दिवस भरत आलेत. कधीही फोन येईल म्हणून ते अंघोळीलाही फोन बाहेर मोरीच्या कट्ट्यावर ठेवतात. तसा सांगायचा प्रसंग आला तर आई म्हणेल स्पीकरच नको.

आणि अजून एक. फोन काढला तरी बारीक घूंऽऽ असा सलग आवाज राहतोच, तो आजही होता. तो कसला?

आप्पा_कळवेकर
अर्थिंग!!

सोल्डरचा_धूर
घूं आवाज आत्ता पहिल्यांदा सांगताय तुम्ही.

पेटीवाली_शुभदा
मी वाचत होते, आता लिहिते. मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, पण आईंना पेटी काढायला सांगा. घूं आवाज चालू असताना तो सूर पेटीवर शोधा. टिरटिर आली की तिचाही शोधा. दोन्हींची कारणं वेगळी असतील तर सूरही वेगळे निघतील. आमच्या क्लासमध्ये फ्रिजचा सूर आम्ही असाच धरला होता.

ऐरोलीचा_मुलगा
ताई, आईला सांगितल्यावर ती लगेच पेटी घेऊन खाली आली, आठवड्यातून पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला. तात्यांनाही बोलावलं. घूं आवाज: मंद्रातली पांढरी पाच, पण आई म्हणते किंचित चढी. मग तात्यांचा फोन ॲम्पवर ठेवून मी वरून कॉल केला. रिंग वाजायच्या आधीच टिर्रर्र सुरू! आईने भाता दाबला, दोन पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाली, पांढरी सहा, अंगुळभर उतरलेली. तात्या नुसते बघत राहिले. म्हणाले, म्हणजे इतके दिवस तुझ्या सुरात मीच बसलो होतो का गं. आई म्हणाली तुम्ही नाही, तुमचा फोन.

सोल्डरचा_धूर
वा, ताई! आईंचा कान अचूक आहे. मधल्या सप्तकातली पांढरी सहा म्हणजे २२० हर्ट्झ, आणि फोनचा ठोका २१७ च्या जवळ, म्हणून उतरलेली. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची दुप्पट १००, म्हणून चढी. दोन वेगळे आजार आहेत. पहिला फोनचा, दुसरा विजेचा. आता दुसऱ्यासाठी सांगा, ॲम्पला माइकशिवाय काय जोडलंय?

आप्पा_कळवेकर
म्हणजे विजेचा होताच की. मी काय म्हणत होतो.

सोल्डरचा_धूर
आप्पा, अर्धं बरोबर निघालं तुमचं. पण खड्डा नको, आधी जोडणी बघू.

ऐरोलीचा_मुलगा
लॅपटॉप जोडलाय, तानपुऱ्यासाठी. तो या भिंतीच्या सॉकेटला, ॲम्प त्या भिंतीच्या.

नौपाडा_नाका
लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन कापा किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावा. घूं लगेच जातं, मी केलंय.

सोल्डरचा_धूर
असं अजिबात करू नका. ती पिन जीव वाचवायला असते. भजनाला ओल्या हाताने, कणकेच्या हाताने माणसं माइक धरतात. कुठे गळती झाली तर करंट माइकच्या जाळीवर येऊ शकतो.

नौपाडा_नाका
वीस वर्षं डीजेवाले असंच करतात, काही होत नाही.

सोल्डरचा_धूर
ज्याला झालं तो इथे लिहायला येणार नाही. धागाकर्ते, लॅपटॉप चार्जरविना बॅटरीवर चालवून बघा. घूं गेली तर दोन जागी अर्थिंग मिळून वायरींचं वेटोळं झालंय, एवढंच. मग लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावा.

ऐरोलीचा_मुलगा
चार्जर काढला. घूं गेली. पूर्ण. आता तात्यांच्या फोनचं सांगा.

सोल्डरचा_धूर
लांब ठेवा. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती साधारण चौथाई होते, म्हणून दोन-तीन मीटरवर फरक पडायला हवा. खिडकी असेल तर तिथेच, म्हणजे रेंजही मिळेल आणि फोन जोरही कमी लावेल. माइकची वायर जास्तीची असेल तर गुंडाळी करून ॲम्पवर ठेवू नका. जमलं तर लॅपटॉपच्या केबलवर असतो तसला काळा फेराइटचा मणी माइकच्या वायरीला ॲम्पच्या तोंडाशी लावा, लॅमिंग्टन रोडला क्लिपवाला मिळतो. सावकाशीने दुरुस्तीवाल्याकडून माइकच्या इनपुटला ३३ पीएफचा सिरॅमिक कॅपेसिटर टाकून घ्या, पाय शक्य तितके आखूड. तो आयसीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

खाडीकिनारी
अवांतर: माझ्या सासऱ्यांना पेसमेकर आहे. त्यांनी फोन कुठल्या खिशात ठेवावा?

पेटीवाली_शुभदा
शर्टाच्या खिशात नको, आणि बोलताना पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला. साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवा असं सांगतात. तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, इथल्या सांगण्यावर राहू नका.

वाशी_डेपो
शंभर चौरस फुटांच्या खोलीसाठी बारा हजारांत चांगला साउंडबार कुठला? भजन पण ऐकतो, क्रिकेट पण.

ऐरोलीचा_मुलगा
एकादशी झाली, म्हणून लिहितोय. तात्यांचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्या पुतणीला शेजारी बसवलं, दिवा लागला की उचलायचा. ॲम्प आणि लॅपटॉप एका बोर्डावर. आईने मागच्या वेळी सोडलेला तोच अभंग आधी घेतला, आणि पूर्ण म्हटला. स्पीकर गप्प होता. साडेआठच्या सुमाराला खिडकीत दिवा लागला, पुतणी फोन घेऊन जिन्याकडे धावली, आणि तात्या कणकेचे हात तसेच घेऊन तिच्यामागे. नाशिकहूनच होता, अजून दवाखान्यात न्यायचं नाही, नुसतं बोलायला. परत येऊन त्यांनी ठेका धरला.

काळा मणी शनिवारी आणतोय. कॅपेसिटरचं दुरुस्तीवाल्याला सांगितलं, तो म्हणाला आयसी बदललात तर बरं.

सोल्डरचा_धूर
दुसरा दुरुस्तीवाला बघा. ठाण्यात असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लावून देतो.

आप्पा_कळवेकर
तरी कमिटीला अर्ज द्याच.