वाईत शूट झालेले सिनेमे – एका दिवसात काय काय बघता येईल?

गोधडी:
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर पुण्याहून वाईला एक दिवस जायचा प्लॅन आहे, सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं सोबत. सासूबाईंना 'स्वदेस' प्रचंड आवडतो, टीव्हीवर लागला की रिमोट कुणाच्या हाती लागत नाही, आणि कुणीतरी त्यांना सांगितलंय की तो सगळा वाईतच झालाय, त्यामुळे आता ढोल्या गणपतीपेक्षा जास्त उत्सुकता त्या घाटाची आहे. नवऱ्याचं म्हणणं, ते सगळे सेट असतात, शूटिंग संपलं की पाडून टाकतात, तिकडे बघायला काही नसतं. खरं काय? अजून कुठले सिनेमे तिथे झालेत आणि ती ठिकाणं आज ओळखू येतात का? गाडी आमची आहे, चालायला सासूबाई ठणठणीत आहेत पण पायऱ्या फार नकोत.

कृष्णाकाठचा:
वाईकर हजर आहे!
ताई, नवऱ्याला सांगा की वाईला लोक येतातच मुळी सेट बांधायला लागू नये म्हणून. 'शोले'साठी रामनगरला अख्खं गाव उभारावं लागलं होतं, इथे घाट, देवळं, वाडे, ऊस, नदी सगळं आधीपासून हजर, फार तर दोन-चार दुकानांच्या पाट्या हिंदीत रंगवायच्या आणि एखादं घर वाढवायचं.
'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आमची मेणवली, वाईपासून तीन-चार किलोमीटर, धोमच्या रस्त्याला. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. सासूबाई घाटावर उभ्या राहिल्या की कुणी सांगायची गरज नाही, ओळखतीलच.
बाकी प्रकाश झांचा 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३), विशाल भारद्वाजचा 'ओमकारा' (२००६), 'दबंग' (२०१०), शाहरुखचाच 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३), हे सगळे थोडे किंवा बरेच इथले. 'गंगाजल'च्या वेळी तर निम्मी वाई गर्दीत उभी होती असं म्हणायला हरकत नाही. इथे प्रत्येक आळीत एक तरी माणूस भेटेल जो 'मी अमुक सीनमध्ये मागे दिसतो' म्हणून मोबाईलवर पॉज करून दाखवतो, आणि दिसतं काय तर एक खांदा 😀

रिळवाला:
वरची यादी बघा आणि त्यातली गावं बघा. चरणपूर उत्तर प्रदेशात, 'गंगाजल'मधलं तेजपूर बिहारमध्ये, 'दबंग'चं लालगंज परत यूपी, आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये तर डायरेक्ट तामिळनाडू. वाई पडद्यावर वाई म्हणून जवळपास कधी येतच नाही, कायम दुसऱ्याच्या नावाने. म्हणून मी हे सिनेमे लागले की गोष्ट बाजूला ठेवून मागचं बॅकग्राऊंड बघतो, आणि सोंग कुठे उघडं पडतं ते शोधतो, आता घरचे माझ्यासोबत सिनेमा बघत नाहीत ही गोष्ट वेगळी.
तीन गोष्टी हमखास चुगली करतात. पहिली, डोंगर. गंगेच्या सपाट मैदानात पाठीमागे सुरीने कापल्यासारखा सपाट माथ्याचा सह्याद्री कुठून येणार? कॅमेरामन बिचारे फ्रेम खाली धरून धरून तो टाळतात पण वाईला तीन बाजूंनी डोंगर आहेत, किती टाळणार, कुठेतरी पांडवगड नाहीतर एखादी डोंगराची सोंड घुसतेच. दुसरी, दगड. बनारसकडचे घाट चुनारच्या पिवळसर-लालसर वालुकाश्माचे, आपले काळ्या बसाल्टचे, त्यामुळे पायऱ्या ओल्या झाल्या की काळ्याभोर चमकतात, बिहारचं नाव लावलं तरी दगड बिहारी होत नाही. आणि तिसरी दीपमाळ. देवळासमोर दगडी दीपमाळ दिसली की समजायचं गाडी आपल्याकडेच आहे, भोजपुरी कितीही बोला.
तुमच्या मुलांना हाच खेळ द्या, आदल्या दिवशी घरी सिनेमा आणि दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन चुका पकडायच्या. आजीपण सामील होतील.

मिसळ_मामलेदार:
हे सगळं ठीक आहे हो पण मला खरंच एक कळत नाही, एवढ्या वर्षांत एकाही मोठ्या हिंदीवाल्याला वाई ही वाई म्हणून दाखवावीशी वाटू नये? पेशवाईतले सरदार रास्ते इथले, कृष्णाकाठच्या घाटांना लोक दक्षिण काशी म्हणतात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, मराठी विश्वकोशाचं काम इथून चाललं, आणि पडद्यावर काय तर गुंडांचा मोहल्ला. बाजारपेठेत मारामारी करून, धूळ उडवून जातात, श्रेयनामावलीत एक ओळ आभार, झालं.

रिळवाला:
मामलेदार, राग समजू शकतो पण ते कौतुकाने नाही, हिशेबाने येतात. मुंबईहून युनिट चार-पाच तासात पोचतं, जनरेटर-क्रेन-लाइटचे ट्रक रातोरात येतात, आर्टिस्टला राहायला पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं पसरणी घाट चढला की हाताशी, आणि जुनी गल्ली, नदी, धरणाचं पाणी, शेत असं सगळं अर्ध्या तासाच्या आत. बिहारात जाऊन हेच करायला किती खर्च येईल विचार करा. आणि ते कायमचे राहतात असंही नाही. प्रकाश झांनीच नंतर 'राजनीती' (२०१०), 'आरक्षण' (२०११), 'सत्याग्रह' (२०१३) सगळे भोपाळला केले. 'स्वदेस'चं मात्र वेगळं, आशुतोष गोवारीकर आपलाच माणूस, त्याने मेणवली गुंडांसाठी नाही वापरली, घाट घाटासारखाच दाखवलाय, शांत, रोजच्या वापरातला. अमेरिकेतले सीन नासाच्या खऱ्या केंद्रात जाऊन केले आणि गावासाठी मेणवली निवडली, तेवढा मान पुरे की.

कृष्णाकाठचा:
मामलेदार, शूटिंग आलं की चहावाले, लॉजवाले, जीपवाले, ज्युनियर आर्टिस्ट सगळ्यांचं पोट भरतं ते पण धरा. रस्ता अडवल्यावर शिव्या आम्हीच घालतो आणि हिरो आला की गच्चीवर पण आम्हीच चढतो.

गोधडी:
वा वा, भरपूर मिळालं! मुलांना दीपमाळवाला खेळ सांगितला, मुलगी आत्ताच 'दबंग' लावा म्हणून मागे लागलीय, तो नको म्हटलं. आता प्रॅक्टिकल सांगा, आधी मेणवली की आधी गणपती? आणि मेणवलीला 'स्वदेस' सोडून काय बघायचं? घाटाला पायऱ्या किती त्रासाच्या?

कृष्णाकाठचा:
सुरूर फाट्याला हायवे सोडा, सकाळी लवकर निघालात तर आधी थेट मेणवलीच करा, ऊन चढायच्या आत. वाडा खाजगी आहे, तिकीट काढून आत जाता येतं, वरच्या मजल्यावर भिंतींवर जुनी चित्रं आहेत ती नीट बघा, बरेच लोक घाटावर सेल्फी काढून परत जातात आणि वाड्यात शिरतच नाहीत. घाटाच्या पायऱ्या लांब-रुंद आहेत, पण सासूबाईंनी खाली पाण्यापर्यंत उतरायची गरज नाही, वरच्या टप्प्यावरून अख्खा घाट दिसतो. तिथेच मेणेश्वराचं देऊळ, आणि एका छोट्या घुमटीत टांगलेली भलीमोठी घंटा आहे, ती आवर्जून दाखवा. ही देवळातली घंटाच नव्हे मुळात, वसईच्या मोहिमेत (१७३९) चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी. भीमाशंकरला आहे ना, तसलीच. मुलांना सिनेमापेक्षा हे जास्त आवडेल बघा.
तिथून पुढे धोमला महादेवाचं आणि नरसिंहाचं देऊळ करा, महादेवासमोर कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे, भोवती कमळासारखं दगडी कुंड. धरण जवळच आहे. मग परत वाईत येऊन गणपती. गणपती बघून झाला की लगेच गाडीत बसू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा, भिंत माशाच्या आकारासारखी टोकदार बांधलीय, पुराचं पाणी आपटायच्या ऐवजी दोन्हीकडे फाटून जावं म्हणून. १७६२ च्या सुमाराचं बांधकाम आहे, आणि कृष्णेचे इतके पूर खाऊन उभं आहे.
जेवण गणपती आळीत किंवा बाजारात कुठेही करा, रविवारी मात्र पाचगणीची गर्दी उतरते तेव्हा बाराच्या आत जेवून घ्या. येताना हळद घ्यायला विसरू नका. आणि संकष्टी टाळा, गणपतीला रांग असते.