मदत हवी आहे: व्हेटो पडणारच असेल तर ठरावात लिहू काय?

केळीबाग_रावेर: परवा नाशिकला संयुक्त राष्ट्रांची नक्कल परिषद (एमयूएन) आहे, आम्ही मुलं एकेका देशाच्या वतीनं बोलतो; विषय शांतता आणि सुरक्षा. मसुदा आणला की रशिया व्हेटो (कायम सदस्याचा नकाराधिकार) वापरणार, विषय संपला. मग दोन दिवस बोलू कशावर? लवकर सांगा.

तापीकाठ: कमिटी कोणती? महासभेच्या पहिल्या समितीत व्हेटो नसतोच. देश कोणता मिळाला?

भुसावळवाला: पहाटेची गाडी धर. नाशिक रोडहून शहरात पोचायला वेळ जातो.

केळीबाग_रावेर: गाडीचं ठरलंय, दादा. सुरक्षा परिषदच, व्हेटो म्हटलं ना!

नंदुरबारची_मावशी: इंग्रजीचा सराव कर गं. माझ्या भाच्याचे मुद्दे तोंडपाठ होते, पण पुण्याच्या पोरांचं फाडफाड इंग्रजी ऐकून तो बसूनच राहिला.

केळीबाग_रावेर: मावशी, ते नाही विचारलं हो. माझा देश केनिया, चर्चा युक्रेनवर, काळ फेब्रुवारी २०२२.

धुळे_वकील: हे आधी सांगायचं! केनियाचे संयुक्त राष्ट्रांतले तेव्हाचे राजदूत मार्टिन किमानी यांचं २१ फेब्रुवारीचं भाषण आजच वाच. आफ्रिकेच्या सीमा लंडन, पॅरिस, लिस्बनमध्ये आखल्या गेल्या, तरी आम्ही त्या मोडायला निघालो नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यावर तू दोन दिवस बोलशील.

भुसावळवाला: बोलून काय होतं भो? व्हेटोच काढून टाकायला पाहिजे. चीन नुसता तटस्थ राहिला तरी ठराव पडतो.

धुळे_वकील: चूक. पोरीला उलटं शिकवू नका. २०११ मध्ये लिबियावरचा १९७३ क्रमांकाचा ठराव रशिया, चीन दोघं तटस्थ असताना १० मतांनी मंजूर झाला. कायम सदस्याचं विरोधी मतच ठराव पाडतं.

भुसावळवाला: पण युक्रेनचा पडला ना?

तापीकाठ: पडला, २५ तारखेला, ११ मतं बाजूनं असूनही. खरी गंमत त्यापुढे आहे. २७ तारखेला सुरक्षा परिषदेनं तोच प्रश्न महासभेच्या आणीबाणीच्या अधिवेशनाकडे पाठवला. हा कार्यपद्धतीचा ठराव, त्याला ९ मतं पुरतात, व्हेटो चालत नाही. वाट १९५० च्या ३७७ क्रमांकाच्या ठरावानं घालून दिलेली. २ मार्चला महासभेत १४१ देश बाजूनं उभे राहिले. केनियाही. तुझा दुसरा मसुदा हाच.

धुळे_वकील: फक्त महासभेचा ठराव शिफारस असतो, बंधनकारक नाही, हे लपवू नकोस. समोरचा तिथंच धरेल.

केळीबाग_रावेर: हेच हवं होतं! दुसरा मसुदा आधीच देऊन ठेवू, की पहिला पडल्यावर?

तापीकाठ: नियमावली पाठवलीये का त्यांनी? त्यातलं मतदानाचं पान टाक इथं.