काचेच्या आत तांब्याचं पान: काच का तडकते?

काचवेडी (सांगली):
नमस्कार मंडळी. मी काच आणि धातू एकत्र करून दागिने बनवते, मुख्यतः पेंडंट. घरी छोटी विजेची भट्टी आहे. काच फ्रेमवाल्याकडची, तीन मिलिमीटर जाडीची. दोन तुकड्यांच्या मधोमध तांब्याच्या पत्र्यातून कापलेलं पिंपळपान ठेवते आणि भट्टी ८०० अंशांच्या पुढे नेते. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की जीव हरखतो. काचेच्या कडा वितळून गोल झालेल्या, आत पान गडद लाल, मधल्या शिरेपाशी किंचित जांभळं. पण पानाच्या टोकातून केसासारखा तडा निघालेला असतो. कधी तो भट्टीतच दिसतो, कधी चांगलं वाटलेलं पेंडंट डबीत ठेवल्यावर काही दिवसांनी टक्क करून जातं.

सगळे म्हणतात, थंड करताना घाई होतेय. म्हणून ५५० अंशांवर मुरवायचा वेळ वाढवत दोन तासांवर नेला. काडीचा फरक नाही.

पान वरून चिकटवा असं कृपया सुचवू नका. उघडं तांबं काळवंडतं, घामानं हिरवं पडतं. काचेच्या आत गेलं की तो लाल रंग तसाच राहतो, आजीचं पेंडंट नातीच्या गळ्यात गेलं तरी. त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

हुपरीकर:
ताई, आमचं घरचं चांदीकाम. तुम्ही नको म्हणालात तरी माझ्या मनातलं सांगतो. काचेला धातूत मोकळं बसू द्या. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचेच की, पण सोन्याच्या तारेत गाठवलेले. मणी तारेवर फिरतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या काचेलाही शुद्ध चांदीच्या पट्टीचं घर करा. शुद्ध चांदी मऊ, पट्टी हलक्या हातानं काचेवर दाबता येते. मात्र डाख आधी लावून घ्या, घासून-पुसून घर तयार करा आणि काच अगदी शेवटी बसवा. बसवलेल्या काचेवर ज्योत गेली की संपलं.

जुना बल्बवाला (पुणे):
मी बल्बच्या कारखान्यात होतो, आता निवृत्त आहे. काच आणि धातूचा सांधा हेच माझं खातं होतं, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुमच्या मुरवण्यात काही चूक नाही. मुरवल्यानं काचेच्या पोटातला तिचा स्वतःचा ताण निघतो. तांबं आणि काच कमीजास्त आकसतात, तो फरक दोन दिवस मुरवलं तरी जाणार नाही. हिशेब बघा. एक मीटर लांबीमागे साधी काच दर अंशाला सुमारे ९ मायक्रोमीटर आकसते, तांबं १७, चांदी तर १९. ५५० अंशांच्या खाली काच आवळायला लागते, तिथून घरातल्या तापमानापर्यंत ५०० अंशांची उतरण. तीन सेंटिमीटरच्या पानाला या उतरणीत काचेपेक्षा ०.१२ मिलिमीटर जास्त लहान व्हायचं असतं आणि चिकटलेली काच त्याला होऊ देत नाही. सगळी ओढाताण टोकाशी गोळा होते. पिंपळपानाला तर निसर्गानंच लांब शेपटी दिलीय, तडा तिथूनच निघणार.

बल्बवाल्यांना ही अडचण पहिल्यापासून होती. तार काचेतून आत न्यायची आणि हवेला फट ठेवायची नाही. सुरुवातीला प्लॅटिनमची तार वापरत, कारण प्लॅटिनमही जवळपास ९ च्या हिशेबानंच आकसतं. ते परवडेना, तेव्हा ड्युमेट तार आली. तिच्या आत लोखंड-निकेलचा गाभा असतो, वर तांब्याचं वेष्टण आणि त्यावर टाकणखाराचा पातळ थर. घरात जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब असेल तर तो न लावता खिडकीसमोर धरा. आतल्या काचेच्या दांडीचा वरचा भाग चेपलेला असतो. तिथून जाणाऱ्या तारांचा छोटासा तुकडा विटकरी-गुलाबी दिसेल. तो तांब्याचा लाल ऑक्साइड. आम्ही त्या रंगावरून सांधा ओळखायचो. काळपट आला तर तांबं जास्त जळलं. धातूची चकाकी तशीच राहिली तर काचेनं नीट धरलंच नाही. काच त्या लाल थराला धरते, कोऱ्या तांब्याला नाही. तुमचं पान लाल येतंय म्हणजे निम्मं काम तुम्हाला आधीच साधलंय, हे आवर्जून सांगतो.

उरलेलं निम्मं म्हणजे जाडी. हाउसकीपर नावाच्या इंजिनिअरनं तांब्याची कड धारेइतकी पातळ करून काचेत बसवली. एवढं पातळ तांबं काचेला फोडत नाही, स्वतःच ताणलं जातं. तुम्ही पत्रा सोडा आणि ०.०५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ वर्ख घ्या. तो तापवून मऊ करा, टाकणखाराच्या पाण्यात बुडवून पूर्ण वाळवा, मगच काचेत ठेवा. वरची आणि खालची काच एकाच तावातली असू द्या. पानाचं टोक गोल करता आलं तर उत्तम.

तयार पेंडंट तपासायला आमच्याकडे यंत्र होतं, तुम्हाला लॅपटॉप पुरेल. एलसीडी पडदा पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये पेंडंट धरा. पानाभोवती उजेड फाकला असेल तर तिथे ताण आहे. जितका उजेड जास्त, तितका ताण जास्त.

मीनाक्षी_मीना (नागपूर):
मी तांब्यावर मीनाकाम करते. आमच्याकडे काचेची पूड धातूवर भाजतात आणि काच टिकते, कारण धातू जास्त आकसून तिला दाबून धरतो. काच दाब सोसते, ओढ सोसत नाही. तरी एकाच बाजूला मीना दिला तर पत्रा वाकतो, म्हणून मागूनही एक थर देतो. काकांचं पातळ तांब्याचं म्हणणं मला एकदम पटलं. राजस्थानातल्या प्रतापगडचं थेवाकाम बघा. तिथे सोन्याचा अगदी पातळ पत्रा लाखेवर ठेवून त्यात मोर, हत्ती, शिकारीचे देखावे कोरतात, मधलं सोनं काढून टाकतात आणि ती जाळी तापवून रंगीत काचेवर बसवतात. तिथले महेश राज सोनी यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कलेतही सोनं शुद्ध आणि पातळ, म्हणजे काचेशी भांडणार नाही असं.

काचवेडी:
काका, काल रात्रीच लॅपटॉपवर बघितलं. अंगावर काटा आला. वरून निर्दोष दिसणाऱ्या पेंडंटमध्ये पानाच्या टोकाशी पांढरी ठिणगी पेटल्यासारखी दिसत होती. अशी सगळी बाजूला काढली, विकायला ठेवणार नाही. कुणाच्या गळ्यात काच तुटावी हे मला चालणारच नाही.

पण टोक गोल करायला मन तयार नाही. शेपटी गेली तर पिंपळ कसला, ते बदामाचं पान होईल. दुसरं म्हणजे, वर्ख वापरला तर शिरा कशा उठवू? आणि साखळी ओवायला कडी काचेतच बसवायची आहे, ती कशाची करू?

जुना बल्बवाला:
शेपटी ठेवा. शुद्ध तांब्याचं पान थोडं जाड कापून ऐरणीवर कडेकडेनं ठोकत न्या. मधे मधे लाल तापवून मऊ करायचं. मधली शीर जरा जाड राहिली तरी चालेल, कडा आणि शेपटी मात्र बोटानं दुमडेल इतकी पातळ हवी. काचेच्या काठापासून पान निदान पाच मिलिमीटर आत ठेवा. वर्खच वापरलात तर शिरा बोथट सुईनं मागून ओढा, पण हलक्याच. खोल खोबणीत हवा अडकते आणि बुडबुडा उठतो.

कडीसाठी हीटरच्या कॉइलची बारीक नायक्रोम तार घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. ती भट्टीच्या तापात टिकते. तिचं आकसणंही तांब्यापेक्षा कमी आहे. काचेत जाणारा भाग छोटाच ठेवा. पितळी तार नको, त्यातलं जस्त काचेत बुडबुडे करतं. गॅल्व्हनाइज्ड तार तर भट्टीजवळही आणू नका, तिचा धूर छातीला वाईट. नायक्रोममध्ये निकेल असतं आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही, म्हणून तिच्यात चांदीची कडी अडकवून साखळी त्या कडीतून ओवा.

हुपरीकर:
चांदीच्या कड्या मी करून पाठवतो, ताई. तारेची जाडी तेवढी कळवा.