मदत हवी आहे : वेदना कमी-जास्त होण्यात मस्तिष्कस्तंभाचा वाटा नेमका काय?

नमस्कार. माझ्या सासूबाईंना बरीच वर्षे मधुमेह आहे. अलीकडे त्यांच्या तळपायांची आग होते, रात्री सुया टोचल्यासारख्या कळा येतात आणि पायांवर चादरसुद्धा सहन होत नाही. तपासणीनंतर डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन सुरू केले. हे औषध नैराश्यावरही देतात हे कळताच एका नातेवाइकांनी 'म्हणजे दुखणे मनाचेच' असा निकाल देऊन टाकला. त्यात भर पडली ती पालखीच्या मुक्कामाची. तुकोबांची पालखी नाना पेठेत विसावली, त्या दिवशी सासूबाई वारकऱ्यांना चहा देत दुपारभर उभ्या होत्या, तेव्हा त्यांनी पायांचे नावही काढले नाही. घरी येऊन आडव्या झाल्या आणि थोड्याच वेळात आग सुरू झाली.

डॉक्टरांनी घाईत एवढेच सांगितले की, मेंदूकडून खाली येणारा एक वेदनाशामक मार्ग असतो व त्याला ही गोळी बळ देते. तो मार्ग मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून जातो, इथपर्यंत मी वाचले आहे. तो वेदना प्रत्यक्षात अडवतो, की केवळ तिच्याकडे दुर्लक्ष करायला लावतो? आणि तसा मार्ग असेल, तर रात्री तो कुठे जातो? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद :

आपल्या नातेवाइकांचा निष्कर्ष चुकीचा आहे. पालखीच्या दिवशी पाय दुखले नाहीत, यावरून दुखणे खोटे ठरत नाही.

पायाकडून निघालेला संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचतो आणि तिथून वर जातो. मेंदू मात्र तो निमूटपणे स्वीकारत नाही. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात, म्हणजे मध्यमेंदूत, एका अरुंद नळीभोवती करड्या पेशींचा पट्टा असतो. लक्ष, भीती, अपेक्षा यांच्याशी संबंधित वरच्या केंद्रांचे निरोप त्याच्याकडे येतात. तो खाली लंबमज्जेतील, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागातील, पेशींना कळवतो आणि त्यांचे तंतू मज्जारज्जूत उतरून तो संदेश पहिल्याच नाक्यावर दाबतात. त्यामुळे 'अडवतो की दुर्लक्ष करायला लावतो' याचे उत्तर असे की, काही अंशी तो खरोखरच अडवतो. १९६९ साली रेनॉल्ड्स या संशोधकांनी उंदरांच्या याच पट्ट्याला विद्युत उत्तेजन देऊन, भुलीच्या औषधाशिवाय, त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली होती. पुढे १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरील प्रयोगात असे दिसले की, औषध म्हणून दिलेल्या निष्क्रिय द्रव्याने ज्यांना आराम पडला होता, त्यांचे दुखणे नॅलॉक्सोन दिल्यावर पुन्हा वाढले. नॅलॉक्सोन अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखते. म्हणजे 'नुसत्या विश्वासाने' पडलेल्या आरामामागेही शरीरातलेच अफूसारखे रसायन होते.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. लंबमज्जेत वेदना दाबणाऱ्या पेशी आहेत, तशाच ती वाढवणाऱ्याही आहेत. दुखापत झालेला भाग जपला जावा यासाठी थोडा काळ वेदना वाढणे उपयोगाचे असते. मज्जातंतूंच्या जुनाट आजारात मात्र हा तोल वाढवणाऱ्यांच्या बाजूला झुकू शकतो आणि मग चादरीचा स्पर्शही झोंबतो. रात्री लक्ष वेधून घेणारे दुसरे काही नसते, शिवाय अपुरी झोप आणि काळजी यांनी वेदना आणखी तीव्र होते. मार्ग तेव्हाही तिथेच असतो, फक्त त्यावरून खाली येणारे निरोप बदललेले असतात.

गोळीबद्दल थोडेसे. या उतरत्या मार्गाचे मुख्य दूत नॉरअॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन. ड्युलोक्सेटिनमुळे ते चेतासंधीत, म्हणजे दोन मज्जापेशींमधल्या जोडावर, अधिक काळ टिकतात. पैकी सेरोटोनिन दोन्हीकडून खेळते, कुठे वेदना दाबते तर कुठे वाढवते. नॉरअॅड्रेनॅलिन मज्जारज्जूत प्रामुख्याने दाबण्याचे काम करते. नैराश्य मुळीच नसलेल्या मधुमेही रुग्णांनाही हे औषध दिले जाते, एवढे त्या नातेवाइकांना सांगितले तरी पुरे. सुरुवातीला मळमळ होऊ शकते आणि गुण यायला काही आठवडे लागू शकतात, पण डॉक्टरांना न विचारता ते एकदम बंद करू नका. मूत्रपिंड वा यकृताचा त्रास असेल, किंवा ट्रॅमाडॉलसारखी दुसरी वेदनाशामक गोळी चालू असेल, तर तेही त्यांना सांगा.

आणखी एक. मज्जातंतू बिघडलेल्या पायाला आग जाणवते, पण खडा टोचलेला कळत नाही, असे एकाच वेळी होऊ शकते. म्हणून दिवसभर उभे राहणे झाले की रात्री त्यांचे तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात पाहत जा, आणि जखम किंवा फोड दिसल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.