बरड जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने द्यावी, की स्वतःचा प्रकल्प उभारावा?

प्रश्न (काटोल तालुका, जि. नागपूर)
नमस्कार मंडळी. आमच्या शेतीपैकी निम्म्या भागात संत्र्याची बाग आहे. उरलेली पाच एकर जमीन बरड असून तिच्यात पावसाच्या भरवशावर कपाशी आणि तूर घेतो. वीज उपकेंद्र जवळच असल्यामुळे शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या राज्य सरकारच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’ साठी ही जमीन भाडेपट्ट्याने देण्याबाबत विचारणा झाली आहे. एकरी वर्षाला 50,000 रुपये, म्हणजे पाच एकरांचे अडीच लाख, हे बाबांना पटले आहे. धाकट्या भावाला मात्र पीएम-कुसुम या केंद्राच्या योजनेच्या ‘अ’ घटकातून (आपल्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून वीज विकणे) स्वतःचाच प्रकल्प उभारावा असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1
भाऊ, आधी प्रकल्पाचे गणित पाहू. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, त्यामुळे जमीन पुरेल. आपल्या भागात एवढ्या प्रकल्पातून वर्षाला साधारण 15 लाख युनिट वीज मिळते, आणि युनिटला 3 रुपये दर धरला तर 45 लाखांची विक्री होते. हा आकडा मोठा दिसत असला, तरी त्यातूनच कोट्यवधींच्या कर्जाचे हप्ते, विमा, देखभाल आणि पुढे इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च भागवायचा असतो. शिवाय नागपूरचे ऊन कडक म्हणून वीज जास्त, असे सरळ गणित नाही. पॅनेलचे तापमान 25 अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे 0.3 ते 0.4 टक्के घटते, त्यामुळे मे महिन्यात अपेक्षेपेक्षा कमी वीज मिळते. ‘अ’ घटकात 500 किलोवॉटपासून 2 मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प बसतात आणि शेतकरी उत्पादक कंपनीलाही अर्ज करता येतो. भावाची इच्छा खरी असेल, तर पाच-सात शेतकरी मिळून अर्ज करा. एकट्याने संत्र्याची बाग तारण ठेवून या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर 2
भाडेपट्टा करणार असाल, तर करारातली भाडेवाढ नीट वाचा. मूळ दरावर दरवर्षी 3 टक्के सरळ वाढ असेल, तर पंचविसाव्या वर्षी एकरी 86,000 रुपये होतात. चक्रवाढ असेल, तर तेच एक लाखाच्या वर जातात. महागाई यापेक्षा वेगाने वाढली, तर आज भरघोस वाटणारे भाडे पुढे तोकडे पडेल. जमिनीवर कर्ज काढण्याचा अधिकार भाडेपट्टा घेणाऱ्या कंपनीला नसावा आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये उखडून जमीन लागवडीयोग्य करून देण्याची जबाबदारी तिच्यावर असावी, ही दोन्ही कलमे मागून घ्या. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: हे भाडे शेती उत्पन्न धरले जात नाही, त्यामुळे ते करपात्र ठरते. सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतील, तर त्यांची संमती आणि वाटा सहीच्या आधीच ठरवा.

उत्तर 3
वरचे दोन्ही सल्ले योग्य आहेत, पण अडीच लाखांचे भाडे एका घरात येते आणि त्याच शेतातली वेचणीची मजुरी अनेक घरांतून जाते, याकडेही पाहायला हवे. पॅनेलखालचे गवत काढणे, धूळ पुसणे आणि राखण करणे ही कामे वर्षभर चालतात. ती गावातल्याच मजूर बायांना आणि तरुणांना मिळावीत, असा ठराव काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत घ्या. पॅनेल धुण्यासाठी पाणी कुठून येणार, हेही तिथेच विचारा, कारण काटोल-नरखेड पट्ट्यात संत्र्याच्या बागांनी भूजल आधीच खोल नेले आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी 5 लाख रुपये अनुदान मिळण्याची तरतूद आहे. ते कशावर खर्च होणार याची नोंद गावाने ठेवावी, आणि जमीनमालक म्हणून त्या सभेला तुम्ही स्वतः हजर राहावे, ही विनंती.