डिसेंबरात व्हिएतनामच्या सापा गावाला जावं का? सासूबाई सोबत आहेत

उदगीरची सून
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, नववीतली लेक आन 68 वर्षांच्या सासूबाई, नाताळच्या सुट्टीत हैदराबादहून हनोईला जायलोत. लेकीनं रील बघून सापाचा हट्ट धरलाय. व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या हद्दीजवळचं ते धुक्यातलं गाव. धुकं किती असतंय तिथं? सासूबाई अंड्यालासुद्धा हात लावत नाहीत, त्यांच्या जेवणाचं काय? आन तिथल्या आदिवासी बायका पर्यटकांच्या मागं मागं फिरून वस्तू घ्यायला लावतात म्हणे. सासूबाईंना कुणाला नाही म्हणता येत नाही. परवाच दारावरच्या माणसाकडनं तिसरी चटई घेतली.

अंबाजोगाईचा मास्तर
ताई, मी बायकोला घेऊन जानेवारीत जाऊन आलोय.

धुक्याचं आधी सांगतो, म्हणजे लेकीचा हिरमोड तिथं गेल्यावर व्हायला नको. रीलमधली हिरवी-पिवळी पायऱ्यांची शेतं डिसेंबरात नसतात. थंडीमुळं तिथं भाताचं वर्षाला एकच पीक निघतं. मे-जूनमध्ये लावणी, सप्टेंबरात कापणी. तुम्ही जाल तेव्हा नुसते बुडखे आन चिखल. आम्हाला तर दोन दिवस हॉटेलसमोरचं दगडी चर्चसुद्धा दिसलं नाही. खोलीतल्या गाद्या दमट, वाळत टाकलेले मोजे तिसऱ्या दिवशीही ओलेच. फान्सीपानला (3147 मीटर, इंडोचायनातलं सगळ्यात उंच शिखर) रोपवेनं गेलो. 6 किलोमीटरहून लांब आहे तो. निम्म्या वाटेपर्यंत काचेबाहेर नुसतं दूध. मग पाळणा एकदम ढगाच्या वर निघाला, खाली कापूस पिंजून पसरल्यासारखं, आन डब्यातले आम्ही, कोरियन, सगळेच ओरडलो. वर पायऱ्या भरपूर आहेत, सासूबाईंचं बघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सापाहून लाओ चाई गावावरनं ता वान गावाला पायी निघालो होतो. लाल मातीचा निसरडा उतार, आमचे बूट शहरी. एका ह्मोंग जमातीच्या बाईनं न विचारता माझ्या बायकोचा हात धरला. पाठीवर वेताची टोपली, पायात साध्या प्लॅस्टिकच्या चपला, आन चालते अशी की जणू डांबरी रस्ता. इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डं, सगळं पर्यटकांकडनं ऐकून शिकलेलं. तीन-चार तास सोबत चालली, वाटेत काही मागितलं नाही. ता वान आलं तसं तिनं टोपली उघडली. आता नाही म्हणायची कुणाची छाती होते? खरं सांगतो, मला राग आला. फसवलं म्हणलं. बायको म्हणाली, "शेतात रोजंदारीला बाई लावली तर संध्याकाळी पैसे देता का नाही? हिनं तर मला पडू दिलं नाही."

यावर मी काय बोलणार? पिशवी घेतली.

तेव्हा ताई, हात धरू द्यायच्या आधीच बोलून घ्या. तिलाच वाटाड्या म्हणून दिवसभरासाठी ठरवा, तिचेही चार तास पाण्यात जात नाहीत. शहरातली मोठी हॉटेलं बहुतेक किन्ह लोकांची (तिथले बहुसंख्य) आहेत, या बायकांच्या हाती टोपलीच आहे. लहान पोरांकडनं मात्र काहीच घेऊ नका. विक्री झाली की पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेला येत नाही, हे मला मास्तरला कुणी सांगायची गरज नाही.

त्या बाईचे हात मनगटापर्यंत निळे होते. भांगेच्या झाडाच्या सालीचा धागा काढून कापड विणतात, त्यावर मधमाशीच्या मेणानं नक्षी काढतात, मग निळीत बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं. कितीदा ते मोजायचं नाही, मनासारखं काळं होईस्तोवर. आमच्या पिशवीनं पहिल्याच पावसात बायकोचा पांढरा कुडता निळा केला. पिशवी आधी वेगळी धुवा.

जेवणाचं म्हणाल तर "आन चाय" म्हणजे शाकाहारी. तरी माशाचं पाणी (फिश सॉस) घालू नका असं वेगळं सांगावं लागतं, आपण फोडणीत हिंग टाकतो तितक्या सहज ते घालतात. टोफू, लसणातली पालेभाजी आन भात मिळतो. आम्ही धपाटे आन शेंगदाण्याची चटणी नेली होती. थंडीत चार दिवस टिकले.

परभणीकर
हनोईहून लाओ कायपर्यंत रात्रीची रेल्वे, आठेक तास. पुढं 38 किलोमीटर घाट. थेट बसनं सहाएक तासात जाता येतं, पण सासूबाईंना आडवं व्हायचं असेल तर रेल्वेच घ्या. ई-व्हिसा 25 डॉलर. आणि ता फिन गावाला लाल दाव जमातीच्या लोकांकडं औषधी झाडपाल्याच्या गरम पाण्याचं लाकडी पिंप असतं, त्यात बसवतात. माझ्या आईचे गुडघे दोन दिवस गप्प होते.

जिंतूरची तांडेवाली
ताई, एक सांगू का, राग मानू नका. "आदिवासी बायका" एवढ्यावर थांबू नका. काळे कपडे दिसले तर बहुतेक काळ्या ह्मोंग, डोक्याला लाल फडकं असलं तर दाव. ता वानला ग्याय आहेत, शिवाय ताय. त्या देशात सरकारी मोजणीनं किन्ह धरून 54 जमाती आहेत. लेकीला नावं पाठ करायला लावा, नववीत आहे ना.

फोटोचं पण तसंच. आमची याडी (आई) फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा बंजारा घागरा-चोळी, घालून जिंतूरच्या बाजारात गेली की गाडीतनं उतरून लोक मोबाईल धरतात. विचारत नाहीत. एकदा एकानं तिला "जरा तिकडं बघा" म्हणलं, तर तिनं त्यालाच मेथीची जुडी धरायला दिली आन म्हणली, आता तू इकडं बघ. विचारलं असतं तर ती स्वतः पदर नीट करून उभी राहिली असती.

उदगीरची सून
सगळ्यांचे आभार. तांडेवाल्या ताई, राग कसला? लेकीनं चारही नावं वहीत उतरवलीत. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणल्या, हात धरणार असंल तर मी दोन पिशव्या घेईन. मास्तर, एक राहिलंच. धपाट्यात कांदा घातला होता का?

अंबाजोगाईचा मास्तर
नाही ताई. कांदा घातला तर हैदराबादलाच वास सुटंल. तीळ, ओवा आन तेल जास्त.